पट्टी काढण्याआधी

जुन्या मोटरसायकलींची हौस असलेल्या श्रोत्यांशी आज थोडं बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त त्या गाड्या खोलणाऱ्या तरुण मिस्त्र्यांशी. बुलेट, जावा, येझदी या गाड्या हल्ली पुन्हा बाहेर निघतायत. इंजिन उघडलं की आत काहीतरी भलतंच दिसतं. कुठे पुस्तकात नसलेलं भोक, कुठे बुजवलेलं भोक, कुठे घासलेला पिस्टन. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘जुगाड आहे, काढून टाक,’ आणि ग्राइंडर सुरू होतो. तो ग्राइंडर थोडा वेळ बंद ठेवा, हे सांगायला मी आलो आहे.

बुलेटचं घेऊ. 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, ती इंग्लंडहून आलेल्या भागांवर. 1970च्या सुमारास तिकडची मूळ कंपनी मिटली; इकडे मात्र बिडाच्या बॅरलचं ते इंजिन एकविसाव्या शतकापर्यंत बनत राहिलं. त्यामुळे तुमच्या टेबलावरच्या इंजिनात चेंबर, म्हणजे क्रँककेस, एका काळातलं, बॅरल दुसऱ्या काळातलं आणि हेड तिसऱ्याच गाडीचं असू शकतं. स्पेअर मिळालं नाही तेव्हा लोकांनी लेथवर करून घेतलं. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर असं काम करणारे हात गल्लोगल्ली होते, आणि ते हात अडाणी नव्हते.

माझ्याकडे आलेल्या एका 350मध्ये बॅरलच्या खाली ॲल्युमिनियमची पट्टी निघाली. जाडी 3 मिलिमीटर. स्टडांची भोकं नीट पाडलेली, मधलं वर्तुळ लेथवर कापलेलं, कडा कानशीने मारलेल्या. आता हिशोब करा. बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर. बॅरल 3 मिलिमीटर वर गेलं म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर साधारण साडेअकरा सीसी जागा वाढली. साडेसहाला एक असलेलं कॉम्प्रेशन साडेपाचाच्या आसपास आलं. ताकद कमी होणार, किक हलकी होणार. हे कुणी मुद्दाम का करील?

कारणं तीन असू शकतात. हलक्या दर्जाच्या, भेसळीच्या पेट्रोलवर इंजिन ठोकत असेल. चेंबरचं तोंड खराब झाल्यामुळे घासून घेतलं असेल आणि गेलेली उंची पट्टीने भरून काढली असेल. किंवा आतला पिस्टनच दुसऱ्या गाडीचा, पिनपासून वर जास्त उंचीचा असेल. पहिलं कारण असेल तर पट्टी काढा, आजच्या पेट्रोलला ती नको. पण तिसरं असेल आणि तुम्ही पट्टी काढून हेड आवळलं, तर पहिल्याच किकला पिस्टन व्हॉल्व्हवर आदळेल.

घरात थोरल्याची खाकी पँट धाकट्याकडे येते तेव्हा काय होतं? शिंपी कमरेला चिमटा घेतो, पायाला दुमड घालतो. शिवणीत माया असते ती दाबून ठेवतो. पाहणारा म्हणेल, हा चिमटा मूळ शिलाईतला नाही, उसवा. उसवलात तर पोराची पँट प्रार्थनेलाच खाली येईल. आधी पोराची कंबर मोजायची असते. आणि पोरगा तोवर वाढला असेल, कंबर भरली असेल, तर चिमटा खुशाल सोडा. पट्टीचं तेच आहे. पट्टीकडे एकटीकडे बघू नका, आत कोण बसलंय ते बघा.

बघायचं कसं? पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्ह येतात त्या जागी, मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्या थापा. पट्टी काढून हेड बसवा, टॅपेट जुळवा आणि इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका. मग हेड उघडून माती ब्लेडने कापा आणि उरलेली जाडी मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण कंटाळा करतात. रागवावंसं वाटतं ते यासाठीच.

बुलेटच्या चेंबरला जादा ब्रीदर नळी जोडलेली सापडते, तिथेही हेच. भोक बुजवून रंग देण्याआधी रिंगा आणि बोअर तपासा. झिजलेल्या रिंगांतून वायू खाली उतरतो, चेंबरमधला दाब वाढतो, तेल फुटेल त्या वाटेने बाहेर येतं. म्हणून कुणीतरी वाट करून दिली होती. रिंगा तशाच ठेवून भोक बुजवलंत तर तेल सीलमधून येईल.

आता जावा-येझदी, म्हैसूरच्या. टू-स्ट्रोक, पेट्रोल आत घेण्याची वेळ पिस्टनची खालची कड ठरवते. कार्बोरेटरच्या बाजूची ती कड काही मिलिमीटर आखूड दिसली तर बोट फिरवून बघा. खडबडीत असेल तर तुटलेला तुकडा काढला असेल. गुळगुळीत, दोन्ही टोकांना सारखी गोलाई असेल, तर हे वेगासाठी केलेलं काम आहे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्या काळात असे पिस्टन कापणारे जाणकार होते. पोर्ट लवकर उघडतं, उशिरा मिटतं. वरच्या वेगाला गाडी सुसाट पळते, सावकाश चालवताना मात्र कार्बोरेटरमधून पेट्रोल मागे थुंकते. मालक तक्रार करतो, मिस्त्री जेट बदलतो, मग कार्बोरेटर बदलतो. पिस्टन कुणी बघत नाही! पुन्हा सांगतो, बदल दिसला की आधी कारण शोधा, मग हात लावा.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे. क्रँकच्या चाकांना पाडलेल्या भोकांबद्दल सविस्तर सांगायचं होतं. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या वजनाचा काही हिस्साच समोरच्या वजनाने तोलता येतो, तो हिस्सा किती ठेवायचा यावर हादरे ठरतात, आणि काही भोकं कारखान्याची असतात, काही नंतरची. ते पुन्हा केव्हातरी. तोवर एवढं करा, ती भोकं शिशाने भरू नका, आणि काढलेली पट्टी भंगारात न टाकता गाडीचा नंबर लिहून मालकाच्या हातात द्या.