साबणाआधी पाणी

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून मघाशी दोघे-तिघे हसत आत आले. हसणं रास्तच आहे. व्याख्यानमालेत इतिहास येतो, संतसाहित्य येतं आणि मधेच अंघोळीचा साबण! पण मुंबईतल्या आपल्या माहुलमध्ये या विषयाला अर्थ आहे, कारण इथे एकाच वस्तीत तीन जातींचं पाणी भेटतं: नळाचं, टँकरचं आणि खाडीचं. दुकानात मात्र आपण वडी उचलतो ती जाहिरातीतला चेहरा आठवून. घरी कुठलं पाणी येतं, हे त्या वेळी मनातही नसतं.

आधी नळाचं पाणी. मुंबईला विहारचं पाणी १८६० पासून मिळू लागलं, तुळशीचं १८७९ पासून, तानसाचं १८९२ पासून. आज सर्वांत मोठा वाटा भातसाचा. हे सगळं पावसाचं, काळ्या कातळावरून वाहत येऊन धरणात साठलेलं पाणी. वाटेत चुनखडीचा दगड नाही आणि जमिनीखाली फार काळ मुरणंही नाही. त्यामुळे त्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार कमी असतात. शाळेच्या पुस्तकात यालाच सुफेन पाणी म्हटलेलं असतं. २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेची हजारो कुटुंबं उठवून इथल्या इमारतींत आणली गेली. त्यांतली मंडळीही आज समोर बसली आहेत. ज्या दिवशी नळ रुसतो आणि टँकर येतो, त्या दिवशी तीच बादली आणि तीच वडी असूनही अंघोळ वेगळी का वाटते, हे त्यांना सांगायला नको.

या टेबलावर तीन बाटल्या आहेत. एकीत नळाचं पाणी, दुसरीत टँकर बहुधा आणतो ते बोअरचं, तिसरीत भरतीच्या वेळी खाडीतून आणलेलं. तिन्हींत एकाच वडीचा चिमूटभर कीस टाकून मी हलवतो. पाहा, पहिलीत फेस गळ्यापर्यंत चढला. दुसरीत पातळसा फेस आला, विरला आणि दह्याच्या पाण्यासारखा गढूळपणा राहिला. तिसरीत नुसत्या कण्या तरंगताहेत. हा प्रयोग घरी लहान मुलानेही करावा, खर्च काही नाही.

त्या कण्या म्हणजे वाया गेलेला साबण. साबण हा तेलातल्या मेदाम्लांचा सोडिअम क्षार असतो आणि तो पाण्यात विरघळतो. पाण्यातलं कॅल्शिअम सोडिअमची जागा घेतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या काठावरचं पांढरं वळं, फरशीवरची बुळबुळ, केसांतला राठपणा, हे सगळं त्याच साक्याचं. पाण्यातलं कॅल्शिअम संपल्याशिवाय फेस धरत नाही. आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाणी जड करणाऱ्या या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. २०० च्या पाण्याने भरलेली २० लिटरची बादली साबणानेच पूर्ण मऊ करायची म्हटली तर सुमारे २४ ग्रॅम साबण नुसता साक्यात जाईल. ६०० ला सत्तरेक ग्रॅम. अख्ख्या बादलीत कुणी साबण कालवत नाही हे खरं, पण वडी इतक्या लवकर का झिजते याचं उत्तर इथे आहे.

आणि समुद्र? मोकळ्या समुद्राच्या पाण्यात हाच आकडा ६००० च्या वर जातो. म्हणून पूर्वी जहाजांवर खलाशांसाठी खोबरेल तेलाचा साबण ठेवत. खोबरेलात लॉरिक आम्ल जास्त असतं. त्याचा साबण झटकन विरघळतो आणि खारटपणाला सहजासहजी हार जात नाही. चरबीच्या किंवा पाम तेलाच्या साबणाचं तसं नाही.

आता वडीचा कागद. त्यावर ‘टॉयलेट सोप’ लिहिलंय की ‘बेदिंग बार’, ते आधी बघा. टॉयलेट सोपच्या तीन प्रती असतात आणि त्या टीएफएमवर, म्हणजे एकूण मेदद्रव्यावर ठरतात: पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. बेदिंग बारला ४० टक्के पुरतात. नळाचं पाणी नियमित येत असेल तर पहिल्या प्रतीचा साधा साबण घ्या आणि कमी वापरा. या पाण्यात अंग धुतल्यावरही निसरडं लागतं, म्हणून लोक तांब्यामागून तांब्ये ओततात. एवढ्याची गरज नसते.

टँकरवर दिवस काढणाऱ्यांचं गणित मात्र उलटं पडतं. तिथे ७६ टक्के टीएफएमचा अभिमान कामाचा नाही, कारण जितका खरा साबण तितका साका. तिथे खोबरेलावर आधारलेली वडी बरी. घटकांत सोडिअम कोकोइल आयसेथिओनेट असलेली वडी त्याहून बरी. हा साबणच नव्हे, त्यामुळे त्याचा साका धरत नाही. पण ती महाग असते, हेही सांगायला हवं. स्वस्तातला उपाय आजीच्या डब्यात आहे: केसांना रिठा. त्याचा फेस जड पाण्यातही टिकतो. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळलं तर केसांवरचा साका सुटतो.

तुरटीबद्दल हमखास विचारलं जातं. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही. उकळल्याने काही भाग जातो आणि तोच हीटरच्या कांडीवर पांढऱ्या पुटासारखा बसलेला दिसतो. दारावर येणारे विक्रेते जो मीटर बुडवतात तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, दाखवतो. त्यात साधं मीठही मोजलं जातं, म्हणून त्या आकड्याला घाबरून यंत्र घेऊ नका.

शेवटी खाज आणि पुरळ. जड पाण्याने त्वचा कोरडी पडते, पण प्रत्येक चट्ट्याचं खापर पाण्यावर फोडता येत नाही. इंग्लंडमध्ये ३३६ इसबग्रस्त मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घरात पाणी मऊ करणारं यंत्र बसवूनही मुलांच्या इसबात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक पडला नाही. आणि माहुलला तर हवाही आहे. इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नोंदवलं आहे. शेजारच्या रिफायनरीच्या धुरावर औषधी साबणाची वडी हा उतारा नाही. उलट अशा जळजळीत साबणाने लाल झालेली कातडी आणखी सोलवटते. पुरळ आठवडाभर राहिली तर दवाखाना गाठा. जाताना वडीचा कागद खिशात घ्या आणि त्या आठवड्यात अंघोळीला नळाचं पाणी होतं की टँकरचं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते बहुधा विचारणार नाहीत.