लठ्ठ मूल आणि पालकांची हेळसांड
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आमच्या भाषणाचा विषय ऐकून चिटणीस हसले. ते का हसले, हे आम्ही समजू शकतो. आपल्या घरांतून बाळसे हे सदैव भाग्याचे लक्षण मानले गेले. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. नातवाच्या पानात तूप वाढताना त्यांचा हात आखडत नाही, यात नवल ते काय? तथापि गुटगुटीत मूल निराळे आणि लठ्ठ मूल निराळे.

हा भेद डोळ्यांनी ठरवावयाचा नसतो. वजनाच्या किलोंस उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागावे. येणारा आकडा त्या वयाच्या मुलामुलींच्या तक्त्यावर ताडून पाहावा. मोठ्या माणसांचा आकडा मुलांस लागू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली ५ ते १९ वर्षांची ३९ कोटींहून अधिक मुले प्रमाणाबाहेर वजनाची होती व त्यांपैकी १६ कोटी लठ्ठ होती. आपल्या देशात कुपोषण संपलेले नसता हे दुसरे संकट आले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मूल लठ्ठ झाले तर तो आईबापांचा अपराध म्हणावयाचा काय? अमेरिकेत ओहायो राज्यात २०११ साली सुमारे ९० किलो वजनाच्या आठ वर्षांच्या मुलाला सरकारी खात्याने आईपासून दूर नेले. वैद्यकीय उपचारांबाबत हेळसांड झाली, असे खात्याचे म्हणणे. त्यावर तिकडे मोठा वाद माजला. पुढे २०१२ साली मुलगा आईकडे परत आला. मूल आईपासून तोडण्याचे दुःख वजनाच्या दुःखाहून हलके असते, असे आम्हांस तरी वाटत नाही.

इंग्लंडमधील काही बालरोगतज्ज्ञांनी २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याविषयी जो विचार मांडला, तो आम्हांस अधिक पटतो. केवळ लठ्ठपणा ही हेळसांड नव्हे. उपचार करूनही वजन उतरले नाही, तरी ती हेळसांड नव्हे. परंतु धोका समजावून सांगितल्यावरही पालक वारंवार डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतात, सांगितलेले काहीच पाळत नाहीत किंवा उपचार हाणून पाडतात, तेव्हा मात्र हेळसांडीची शंका घेतली पाहिजे. आपल्याकडील २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्यात वजनाचा शब्दही नाही. ‘जाणूनबुजून’ या शब्दावर सारी मदार आहे.

आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक, वैद्य नव्हे. पण आमच्या वर्गांतून दोन मुलगे गेले, त्यांची हकीकत सांगितल्यावाचून हा शब्द नीट उलगडणार नाही. पहिल्याची आई दिवसभर नोकरी करी. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिने डब्यात बिस्किटांऐवजी भाकरी-उसळ देण्यास आरंभ केला, रिक्षा बंद करून मुलास चालत धाडू लागली, तपासणीची एकही तारीख चुकवली नाही. दोन वर्षांनीही मुलगा जाडच होता. कित्येकांचा बांधाच आनुवंशिक असतो. तरीही शेजारणी तिलाच बोल लावीत! दुसरा मुलगा भर वर्गात पेंगे. त्याच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा पट्टा होता. घरची मंडळी मळ समजून तो घासून काढू पाहत. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाल्याची ती बहुधा खूण असते आणि मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवर ती दिसते. घोरणे व दिवसा पेंगणे यांचाही श्वासाशी संबंध असू शकतो. डॉक्टरांनी हे सारे घरी सांगितले, तपासण्यांची चिठ्ठीही दिली. ती वर्षभर कपाटात राहिली. घरात मोटार होती, पैसा होता. नव्हती ती फक्त सवड. वडील म्हणत, “मोठा झाला की उंचीत जिरेल.”

पहिल्या आईस दोष देणारा निर्दय होय. दुसऱ्या घरास आम्ही हेळसांड करणारे म्हणू, मग ते घर आपल्या ज्ञातीतील का असेना. मात्र मुलास ‘ढोल्या’ म्हणून हाक मारणे, पंक्तीत त्याचे ताट दाखवून हसणे, हीदेखील इजाच आहे. आणि ती आपण सर्वच करतो. उपाशी ठेवून वजन उतरविण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये. वाढत्या मुलाचा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावा.

सारा दोष घरावर टाकणेही न्यायाचे नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. आपल्या मुलांच्या शाळेबाहेर तो पाळला जातो काय, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे चांगली धावपळ हवी. शिकवणीच्या दोन वर्गांमध्ये ती कोठे बसवावयाची, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी सोडवावयाचा आहे.

कार्यकारी मंडळास एक विनंती करतो. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारादिवशी सर्व कुटुंबे एकत्र येतात. त्या दिवशी सभागृहाशेजारच्या खोलीत पडद्याआड वजनकाटा व उंचीची पट्टी ठेवावी, ज्ञातीतील एखाद्या डॉक्टरांस दोन तास बसवावे आणि मुलाचा आकडा केवळ त्याच्या आईबापांच्याच हाती द्यावा. आणि त्या दिवशी अल्पोपाहारात गोड सरबताऐवजी ताक ठेवता आले, तर पाहावे.