निष्क्रिय संगणक आणि अनर्थदंड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



गृहस्थाच्या बारा व्रतांमध्ये आठवे व्रत अनर्थदंड-विरमणाचे आहे. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या पिढ्यांना या व्रताचे नाव नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. संसार चालविताना जी हिंसा अटळपणे घडते ती अर्थदंड. जिच्यापासून कोणालाही, कोणताही लाभ होत नाही ती अनर्थदंड. श्रावकाला चूल पेटवावी लागते, पाणी वापरावे लागते, व्यापार करावा लागतो. परंतु कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटता ठेवणे, झाडाची फांदी मोडणे यांची गणना शास्त्रकारांनी प्रमादाचरणात केली. या दोषामागे क्रोध नसतो, लोभही नसतो. असते ती केवळ बेपर्वाई, आणि म्हणूनच तो सहसा ध्यानात येत नाही.

आजच्या घरात आणि दुकानात अग्नी डोळ्यांना दिसत नाही. तो दूर कोठेतरी पेटतो आणि तारेतून येतो. त्यामुळे प्रमादाचे स्वरूपही बदलले आहे. त्याचे सर्वांत नित्याचे उदाहरण म्हणजे कोणीही समोर बसलेले नसताना तासन्‌तास चालू राहणारा संगणक.

अहिल्यानगरच्या कापड बाजारात, आडते बाजारात पूर्वी रोजमेळ आणि खतावणी लाल वह्यांत लिहिली जात असे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या अभ्यासक्रमामुळे संगणकाची तोंडओळख तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर लहान दुकानदारालाही संगणकावाचून हिशेब ठेवणे कठीण झाले. यंत्र आले, कामे सोपी झाली, हे निर्विवाद. मात्र वही मिटताना जी सवय हाताला होती ती यंत्राच्या बाबतीत लागली नाही. दुकानदार जेवायला घरी जातो, गिऱ्हाईक नसताना बाहेर उभा राहतो, संध्याकाळी प्रतिक्रमणाला जातो. वही मिटलेली असे, संगणक मात्र उघडाच राहतो.

यात जाते ते किती, हे पाहणे बोधप्रद आहे. मेजावरचा साधा संगणक आणि त्याचा पडदा मिळून काम नसतानाही साधारणतः ६० ते १०० वॅट वीज घेतात. ८० वॅट धरले, दिवसातील चार तास तो रिकामा चालू राहिला आणि वर्षाचे कामाचे ३०० दिवस मोजले, तर ९६ युनिट होतात. तोच संगणक त्या चार तासांत निद्रावस्थेत ठेवला तर त्याला सुमारे दोन वॅट पुरतात आणि वर्षाचा खर्च अडीच युनिटांच्या आत येतो. रात्री बंद करण्याचा कंटाळा केला आणि यंत्र आणखी चौदा तास चालू राहिले, तर वर्षाला ३३६ युनिटांची भर पडते. वीस संगणक असलेल्या एखाद्या प्रशिक्षण वर्गात केवळ दिवसाचे ते चार रिकामे तास १,९२० युनिट घेऊन जातात.

याबाबत काही गैरसमज दृढ आहेत. पहिला असा की, पडद्यावर रंगीत चित्रे फिरू लागली म्हणजे वीज वाचते. वस्तुतः ‘स्क्रीन सेव्हर’ ही योजना जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांसाठी होती. एकच चित्र दीर्घकाळ स्थिर राहिल्यास आतील लेपावर त्याचा कायमचा डाग उमटत असे. तो टाळण्यासाठी चित्र हलते ठेवले जाई. त्यात पडद्याचे रक्षण होते, विजेचे नव्हे. फिरणारी चित्रे काढण्यासाठी यंत्राला उलट कामच करावे लागते. दुसरा गैरसमज असा की, बंद करून पुन्हा सुरू करण्यास अधिक वीज लागते. सुरू होण्यास लागणारा एक-दोन मिनिटांचा वापर हा काही मिनिटांच्या रिकाम्या वापराइतकाच असतो. तासाभरासाठी बंद करणे नेहमीच फायद्याचे ठरते. तिसरी भीती यंत्र बिघडण्याची. दिवसातून एक-दोन वेळा रीतसर बंद केल्याने आजच्या संगणकाचे काहीही बिघडत नाही. बिघडते ते चालू यंत्राचे बटण भिंतीवरून एकदम बंद केल्याने.

निष्क्रिय यंत्राने आपोआप झोपी जावे, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही मानांकन योजना सुरू केली, तेव्हा पहिली निवड संगणक आणि त्याच्या पडद्यांचीच केली. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अस्तित्वात आला. दरवर्षी १४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. सोय प्रत्येक संगणकात आहे, कायदाही आहे. उणीव आहे ती ती सोय एकदा उघडून पाहण्याची.

वीज ही सचित्त तेजस्काय की अचित्त पुद्गल, याविषयी जैन परंपरांमध्ये मतभेद आहेत आणि विद्वान मुनिवरांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. तो वाद या प्रश्नाच्या आड येत नाही. महाराष्ट्राची बहुतांश वीज अद्याप कोळशापासून होते. चंद्रपूर, कोराडी, परळी येथील भट्ट्यांमध्ये पेटतो तो अग्नी प्रत्यक्ष अग्नीच आहे. त्याविषयी कोणाचेच दुमत नाही. एका युनिटासाठी साधारणतः ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे दुकानातील त्या ९६ युनिटांमागे सुमारे ६० किलो कोळसा जळतो, आणि वर्गातील वीस संगणकांमागे एक टनाहून अधिक. या भट्ट्यांना पाणीही लागते. २०१३ च्या दुष्काळात शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. अग्निकाय, अप्काय, पृथ्वीकाय आणि खाणीखाली जाणारे अरण्य, इतक्या जीवांची विराधना एका रिकाम्या पडद्यामागे उभी असते.

तिला मानवी बाजूही आहे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने तीव्र भारनियमन सोसले. ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास अंधारात गेले आणि परीक्षेचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात झाला. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की अकोले, संगमनेरच्या उसाच्या पट्ट्यात शेतकऱ्याला बिबट्याच्या भीतीत पाणी धरावे लागते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली, आणि २०१७ मध्ये तिचा आरंभ याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीपासून झाला. शहरातील दुकानात वाचलेले युनिट थेट त्या शेतकऱ्याच्या पंपाला पोहोचते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु मागणी आणि पुरवठा यांचा ताळमेळ साऱ्या राज्याचा एकच असतो, आणि ज्या समाजाने बचतीला पुण्य मानले त्याने तो बिघडविण्यास हातभार लावू नये.

हिशेबाचा वस्तुपाठ याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार येथे पावसाळा संपल्यावर गाव एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडते: पाऊस किती पडला, पिण्यास किती हवे, उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतील. ऊस आणि केळी यांना तेथे नकार मिळाला, शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास बंदी झाली. पाणी आकाशातून अधिक पडले नाही. गावाने मोजायला आरंभ केला. व्यापारी समाजाला ताळेबंद नवा नाही. प्रत्येक पेढीने, प्रत्येक संस्थेने वीजबिलाचे युनिट महिन्याच्या महिन्याला वहीत लिहिले, तर गळती कोठे आहे हे तिसऱ्या महिन्यात आपोआप दिसू लागेल.

प्रत्यक्ष आचरणाच्या गोष्टी थोड्याच आहेत. संगणकाच्या वीजविषयक मांडणीत पाच ते दहा मिनिटांनंतर पडदा आणि पंधरा ते वीस मिनिटांनंतर यंत्र निद्रिस्त होईल, असे एकदाच ठरवून द्यावे. उठण्यापूर्वी हिशेब जतन करावा. कारण निद्रावस्थेत काम यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज गेल्यास ते नष्ट होऊ शकते. जेथे वीज वारंवार जाते तेथे ‘हायबरनेट’ ही अवस्था निवडावी. तीत काम डिस्कवर लिहून ठेवले जाते. रात्री यंत्र रीतसर बंद करावे, त्यानंतर छपाईयंत्र आणि यूपीएसची बटणेही बंद करावीत. सुरक्षेचे कॅमेरे आणि रुग्णालयातील यंत्रणा यांना हा नियम लागू नाही. तेथील वीज सप्रयोजन आहे, तो अर्थदंड होय.

सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. तेवढ्या वेळात रिकामा संगणक वर्षभरात सुमारे २३ युनिट, म्हणजे जवळजवळ १५ किलो कोळसा संपवितो. जो श्रावक दोन घडी सर्व सावद्य व्यापारांचा त्याग करून आसनावर बसतो, त्याच्या दुकानात त्याच दोन घडी त्याच्याच नावाने अग्नी जळत राहावा, हे त्या त्यागाशी सुसंगत नाही. चौदा नियम रोज चिंतिणाऱ्यांनी त्यांच्या जोडीला हा आणखी एक संकल्प घ्यावा: आसन घेण्यापूर्वी यंत्र बंद. त्यासाठी पैसा लागत नाही, वेळ लागत नाही. उपवासाइतकी शक्तीही लागत नाही. लागते ती फक्त यतना.

जय जिनेंद्र!