पेल्याआधीची भीती



मार्च २००९. हिमाचल प्रदेशातील टांडा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षात शिकणाऱ्या अमन काचरू या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मद्यधुंद वरिष्ठ विद्यार्थ्यांनी मारहाण केली. त्यातच त्याचा अंत झाला. २०१० मध्ये न्यायालयाने चौघांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा सुनावली. एका घरातील दिवा विझला. आणि ज्यांच्याकडे भावी डॉक्टर म्हणून पाहिले जात होते, ते चौघे गुन्हेगार ठरले.

छळ आणि मद्य यांचे नाते येथे उघडे दिसते. एरवी ते लपलेले असते. अनेक देशांतील शालेय पाहण्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली आहे. छळ सोसणारी आणि छळ करणारी, दोन्ही प्रकारची मुले इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मद्याकडे वळतात. जी मुले एकीकडे छळ सोसतात आणि दुसरीकडे दुबळ्यांना छळतात, ती विशेष धोक्यात असतात. छळलेले प्रत्येक मूल पिऊ लागते, असे मात्र नाही.

हे का घडते? सोसणाऱ्याला अपमानाचा विसर हवा असतो. छळणाऱ्याला टोळक्यापुढे मर्दुमकी मिरवायची असते आणि मद्याने त्याच्या विवेकाचा लगाम अधिकच सैल होतो. आणि पुष्कळदा पेला हेच छळाचे साधन असते. “एक घोट घे, नाहीतर तू आमच्यातला नव्हेस,” असे सांगितले जाते. पहिला घोट हौसेने घेतला जातो, असे आपण समजतो; पुष्कळदा तो भीतीने घेतला जातो. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, हेही विसरता येणार नाही.

कायदे आहेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. परंतु कायदा बहुधा घटनेनंतर येतो. घटनेपूर्वी मुलाजवळ कोणीतरी वडीलधारे असावे लागते.

नॉर्वेत १९८२ मध्ये तीन मुलांच्या आत्महत्येने देश हादरला. पुढच्याच वर्षी तेथे शाळाशाळांतून छळविरोधी मोहीम उभी राहिली. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने आखलेला उपक्रम साधा होता : स्पष्ट नियम, मधल्या सुट्टीत शिक्षकांची नजर, वर्गात मोकळी चर्चा आणि पालकांशी संवाद. बर्गेनच्या शाळांत दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. यात एकही गोष्ट आपल्या शाळांना न परवडणारी नाही.

उरतो प्रश्न घराचा. मुलाच्या तोंडाला वास आला की आपण हात उगारतो. बाहेर बलवान मुलाकडून मार, घरी बापाकडून मार. मग त्याने जायचे कोठे? तो पुन्हा त्याच टोळक्यात जातो. “तू प्यालास का?” हा प्रश्न अवश्य विचारावा, पण त्याआधी “बाळा, तुला कोणाची भीती वाटते?” असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. शाळेचे नाव राखण्यासाठी तक्रार दाबणाऱ्या शिक्षकाने आणि ‘मुले अशीच असतात’ म्हणून हसणाऱ्या पालकानेही स्वतःला हाच प्रश्न विचारावा.

जे मूल आपली भीती घरात बोलू शकते, त्याला ती पेल्यात बुडवावी लागत नाही.