सल्ला आणि संमती

‘कन्सल्टेशन’ आणि ‘कन्करन्स’ हे दोन इंग्रजी शब्द सरकारी कागदपत्रांत शेजारीशेजारी नांदतात, आणि घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो. पहिल्याचा अर्थ विचारविनिमय, दुसऱ्याचा सहमती. सल्ला देणाऱ्याचे ऐकून घ्यावे लागते. संमती देणारा ‘नाही’ म्हणाला की काम तेथेच थांबते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही मुभा पहिल्या शब्दात आहे, दुसऱ्यात नाही. अर्थात ऐकणे खरे हवे. आधी हुकमावर सही आणि मागाहून विचारणा, याला विचारविनिमय म्हणत नाहीत.

आपल्या घटनाकारांना हा भेद पुरता ठाऊक होता. जम्मू-काश्मीरविषयीच्या ३७०व्या अनुच्छेदात त्यांनी काही बाबींसाठी राज्य शासनाशी विचारविनिमय, तर काहींसाठी त्याची सहमती, असे दोन्ही शब्द एकाच खंडात योजिले होते. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी मात्र सरन्यायाधीशांशी विचारविनिमय, एवढेच लिहिले. तेथे सहमती हवी, अशी सूचना संविधान सभेत आली होती. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. सरन्यायाधीश झाले तरी तेही माणूसच. जो अधिकार राष्ट्रपतींच्या वा शासनाच्या हाती निर्वेधपणे देण्यास सभा तयार नाही, तो त्यांच्या हाती देणे धोक्याचे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हाच अर्थ मानला. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरविला आणि सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले. घटनेतील शब्द तोच राहिला. अर्थ मात्र शेजारच्या घरात जाऊन बसला. १९९८ मध्ये त्या मतात चार ज्येष्ठ सहकाऱ्यांचीही भर पडली.

एवढा मोठा बदल करावयाचा तर शब्दच बदलावयास हवा होता, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. पण आणीबाणीत, १९७६ मध्ये, उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या त्यांची संमती न घेताच झाल्या, हे आठवले की नऊ जणांची धास्तीही अनाठायी वाटत नाही.

संसदेने २०१४ मध्ये नेमणुकांसाठी आयोग नेमण्याची घटनादुरुस्ती केली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चार विरुद्ध एक मतांनी रद्द ठरविली, आणि १२४व्या अनुच्छेदात तो जुना शब्द पुन्हा आपल्या जागी आला.