शेवटच्या दुखण्यात माणसाला कुठे ठेवावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी भरतकामावर नाहीतर फराळाच्या जिनसांवर बोलण्याची आपली रीत. परंतु आमच्या सासूबाईंच्या दुखण्यानंतर मंडळातल्या चार-पाच जणींनी निरनिराळ्या वेळी मला एकीकडे घेऊन एकच विचारले, "तुम्ही त्यांना कुठे ठेवले होते? आणि कसे ठरवलेत?" तेव्हा म्हटले, आज सगळ्यांसमक्षच सांगावे. विषय अशुभ म्हणून कुणी उठून जाऊ नये. ज्या घरात म्हातारे माणूस आहे त्या घरात हा विषय आहेच.

सासूबाईंना २०२२ साली तोंडाचा कॅन्सर निघाला. मिश्रीची सवय लहानपणापासूनची. (इथे बसलेल्यांपैकी कितीजणींच्या डबीत ती आहे हे मला ठाऊक आहे, नावे घेत नाही.) ऑपरेशन झाले, शेक झाले, वर्षभर बरे गेले. पुढच्या वर्षी दुखणे उलटले तेव्हा मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "आता बरे करणारे औषध उरले नाही; पण दुखणे कमी करता येईल." घरात सगळ्यांनी पहिले वाक्य धरले आणि रडारड झाली. मी दुसरे धरून बसले.

मग प्रत्येकाचे मत निराळे. भावोजी म्हणाले, खाजगी इस्पितळात ठेवू. तिथले डॉक्टर "भरती करा, बघू" म्हणाले. काय बघणार ते मात्र दोनदा विचारूनही कळले नाही. वन्सं म्हणाल्या, "आईला परक्यांच्या दारात टाकणार का?" हॉस्पिस हा शब्द काढला तर कुणाला वाटले वृद्धाश्रम. तसे नव्हे. वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो. हॉस्पिसमध्ये बऱ्या न होणाऱ्या रोग्याच्या वेदना, जखमा, दम, उलट्या यांवर इलाज करतात, रोगावर नाही. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स बाई आधी परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले. तिथून हा विचार जगभर गेला. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला निघाले. १९८६ साली डॉ. डिसूझा या कॅन्सरच्या सर्जनांनी काढलेले शांती आवेदना सदन ते हेच. गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी कॅन्सरच्या रोग्यांची शुश्रूषा पैसे न घेता होते. हे कळले तेव्हा आमच्याकडील मंडळींचा चेहरा जरा सैल झाला, कारण घर गहाण टाकण्यापर्यंत बोलणे गेले होते.

पण फुकट आहे एवढ्यावर जागा ठरवू नये. मी फोनवर आधी विचारले ते हे, की रात्री दोन वाजता रोगी कळवळला तर गोळी कोण देणार? डॉक्टर सकाळी येतात हे उत्तर मला नको होते. मॉर्फिन ठेवता का, हेही स्पष्ट विचारावे. पूर्वी या औषधाला इतके परवाने लागत की पुष्कळ रुग्णालये ते ठेवीतच नसत. २०१४ साली कायदा बदलला आणि ते सोपे झाले. तरी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळेल असे धरून चालू नये. मॉर्फिनने माणूस व्यसनी होतो, लवकर जातो, असे आपल्यात म्हणतात. डॉक्टरांनी मोजून दिले आणि घड्याळ लावून घेतले तर तसे होत नाही. दुखू लागल्यावर नव्हे, दुखण्याआधीच द्यायचे असते. बद्धकोष्ठ मात्र होतेच, त्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्यावे.

आणखी विचारावे, घरचे माणूस सोबत राहू शकते का? जखमेचे ड्रेसिंग घरच्यांना शिकवता का? फक्त कॅन्सरचाच रोगी घेता की किडनीचा, अर्धांगवायूचाही? पुष्कळ ठिकाणी कॅन्सरचाच घेतात, उगाच गाडी करून जाऊन परत यायला नको. आणि सर्वांत मोठा प्रश्न, बरे वाटले तर घरी पाठवता का? कारण हॉस्पिस म्हणजे जाऊन परत न येण्याची जागा, असा आपला समज आहे.

धरमतरकरांना अंतराचाही विचार करावा लागतो. आजेसासऱ्यांच्या काळी मुंबईची आगबोट इथल्या धक्क्याला लागत असे. आता वडखळ, पेण, पनवेल असा रस्ता, नाहीतर मांडव्याहून २०२० पासून सुरू झालेली रोरो बोट. हाडात दुखणाऱ्या माणसाला खड्ड्यांतून नेणे म्हणजे काय ते नेणाऱ्यालाच कळते. निघण्याच्या आधी अर्धा तास गोळी द्यावी.

हे सगळे झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की सारे घर ठरवते आहे आणि जिचे दुखणे तिला कुणी विचारलेच नाही. "त्यांना कळता कामा नये" असा सगळ्यांचा हट्ट. अहो, ज्यांच्या तोंडात जखम त्यांना कळत नाही? आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न आणि औषध आपणहून सोडले आणि १५ तारखेला देह ठेवला. ते फार थोर, त्यांची बरोबरी कुणी करू नये. पण शेवट आपला आहे तर शब्दही आपला असावा, एवढे साध्या माणसाचेही असू शकते. मी सासूबाईंजवळ बसून विचारले, "आई, तुमच्या मनात काय आहे?" त्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "मला झोप येईल अशा ठिकाणी ने. आणि मग घरी आण."

झाले, तिथे ठरले. एका हॉस्पिसमध्ये आम्ही त्यांना तीन आठवडे ठेवले. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या रोग्याला तीच जागा सोयीची पडेल असे नाही. चौथ्या रात्री त्या सलग सहा तास झोपल्या. मी तिथे ड्रेसिंग शिकले. जखमेचा वास जाण्यासाठी कोणत्या गोळीची पूड टाकायची तेही शिकले. त्या वासामुळे नातवंडे जवळ येत नसत, आणि त्याचेच त्यांना दुखण्याहून अधिक लागले होते. मग घरी आणले. पंधरा दिवसांनी हे जाऊन गोळ्या आणीत. आशाताई डोकावून जात. वन्सं रात्रीच्या पाळीला येऊ लागल्या. टाकण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शेवटी शेवटी खाणे सुटले. येणारे जाणारे म्हणत, "सलाईन तरी लावा." तेव्हा शरीरच अन्न मागत नाही, बळेच भरवले तर घास श्वासनलिकेत जातो. आम्ही ओल्या कापसाने ओठ भिजवत राहिलो. अडीच महिने त्या ओटीवरच्या खोलीत होत्या.

घरी माणूस गेले की मृत्यूच्या कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देतील हे आधीच बोलून ठेवावे, त्या घटकेला धावाधाव होते. सर्व कागद एका पिशवीत असावेत. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. आपल्या जिल्ह्यात सरकारी सोय काय आहे ते अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आणि आशाताईंकडे विचारावे.

पाठीला फोड येऊ नयेत म्हणून घेतलेली हवेची गादी आम्ही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. पंप सोबत आहे. ज्यांना लागेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावी.