कॅनरीचा आवाज कुणाचा?

आज बोलूया १९२९ सालच्या ‘द कॅनरी मर्डर केस’ या पॅरामाउंटच्या सिनेमाबद्दल. आधीच सांगतो, खुनी कोण ते मी फोडणार नाही. पण खुनातली युक्ती सांगावी लागेल, कारण आजचा मुद्दाच तो आहे.

मार्गरेट ओडेल ही न्यूयॉर्कच्या रंगमंचावरची गाजलेली नटी. लोक तिला ‘कॅनरी’ म्हणतात. श्रीमंतांची गुपितं हाताशी धरून ती पैसे उकळते, आणि एके रात्री तिचा गळा दाबून खून होतो. तपासाला येतो फायलो व्हान्स, म्हणजे विल्यम पॉवेल. एस. एस. व्हॅन डाइनच्या कादंबऱ्यांमधला हा हौशी डिटेक्टिव्ह. हा पठ्ठ्या संशयितांना चक्क पोकर खेळायला बसवतो. कोण कसा डाव खेळतो, त्यावरून स्वभाव ओळखायचा!

आता युक्ती. बंद दारामागून बाईचा आवाज येतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, ती जिवंत आहे. प्रत्यक्षात ती मेलेली असते आणि आत ग्रामोफोनची तबकडी वाजत असते.

गंमत पुढेच आहे. कॅनरीचं काम केलंय लुईस ब्रूक्सने, वय तेव्हा २१-२२. सिनेमा १९२८ मध्ये मूकपट म्हणूनच चित्रित झाला होता. पण बोलपटांची लाट आली, आणि स्टुडिओने ठरवलं की यालाही बोलका करायचा. त्याआधीच ब्रूक्सचं पगारवाढीवरून बिनसलं होतं. ती पॅरामाउंट सोडून बर्लिनला गेली, पाब्स्टच्या ‘पँडोराज बॉक्स’साठी. आवाज देण्यासाठी परत बोलावलं तर तिने साफ नकार दिला.

मग? मार्गरेट लिव्हिंगस्टन या नटीकडून संवाद वदवून घेतले. काही शॉट्समध्ये तीच ब्रूक्सच्या जागी उभी आहे. म्हणजे पडद्यावर बाई एक, आवाज दुसरीचा. खुन्याने जे तबकडीने केलं, तेच स्टुडिओने ध्वनिपट्टीवर केलं!

ब्रूक्सने पुढे सांगितलं की तिचा आवाज बोलपटाला चालत नाही, अशी आवई स्टुडिओने उठवली. हॉलिवुडमध्ये तिला मोठी कामं मिळेनाशी झाली. १९३८ नंतर तर सिनेमाच नाही. तो शेवटचा सिनेमा जॉन वेनबरोबरचा, ‘ओव्हरलँड स्टेज रेडर्स’. त्यात ती स्वतःच्या आवाजात बोलते. ऐका, आणि तुम्हीच ठरवा त्या आवाजात खोट काय होती.

सिनेमा म्हणून ‘कॅनरी’ जरा अडखळतो, संवाद संथ आहेत. तरी बघाच. आणि कॅनरी बोलायला लागली, की तिच्या ओठांकडे लक्ष ठेवा. या सिनेमातला सगळ्यात मोठा पुरावा तिथे आहे, आणि तो शोधायला फायलो व्हान्स लागत नाही.

भेटू पुढच्या भागात!